पेटीला पेटी

देऊळघाटात झुंबरबाईंच्या घरी वाटी धाडायची तर माणसानं आधी दोनदा विचार करावा. खिरीची वाटी धाडली तर ती परत येते डाळीनं भरून. डाळीची वाटी तुम्ही रिकामी करून धाडा, ती शेवया घेऊन येते. आणि शेवयांवर तुम्ही गप्प बसलात, तर झुंबरबाई स्वतः दारात उभ्या राहून विचारतात, "काऊन वं, राग आला का?" शेजारच्या महामायाबाई एकदा ह्या देण्याघेण्याला इतक्या कंटाळल्या की त्यांनी शिरा सरळ केळीच्या पानावर धाडला. परत करायला भांडंच नको, कटकट नको. दुसऱ्या दिवशी सकाळी डझनभर केळी आली.

आता रिकामं भांडं परत करू नये हे सगळ्याच बायका मानतात. पण झुंबरबाईंचं मानणं जरा जास्तीचं. मुलाच्या, गोपालच्या वेळी कळा सुरू झालेल्या, बुलढाण्याला न्यायला जीप दारात उभी, सासू अंगणातून हाका मारते आहे, आणि ह्या बाई स्वयंपाकघरात महामायाबाईंच्या पातेलीत साखर घालत उभ्या. "येते लेकरू त्याच्या टायमावर, पातेली आधी जाऊ द्या," असं वर सासूलाच सांगितलं. अशी ही बाई. वय एकसष्ट, आवाज खणखणीत, आणि कोणाचं फुकट घेतलेलं अंगाला लागत नाही ही त्यांची पक्की समजूत.

यजमान उत्तमराव. बारा एकरांचा मालक, स्वभावानं गरीब, आणि गेली तीन वर्षं कानानं अधू. पहिल्या वर्षी झुंबरबाई ओरडून बोलत. पण भाजीत मीठ बरोबर आहे का हे विचारलं की ते मारुतीच्या पारावर ऐकू जाई, आणि तिथली रिकामटेकडी मंडळी उत्तर पाठवत, "बरोबर हाय म्हनते बाप्पा!" माणूस किती दिवस ओरडणार? हळूहळू बोलणं आटलं. "चहा." "जेवा." "कोनी आलं." एवढ्यावर संसार चालू लागला. उत्तमराव कधी विचारत, "काय झालं? काऊन हासून राह्यली?" झुंबरबाई हात हलवत. म्हणजे काही नाही. कोण सांगत बसणार!

तरी जीव तुटायचाच हो. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं, यजमानांना कानाची मशीन घ्यायची. उत्तमराव तर ऐकायलाच तयार नव्हते, दोन्ही अर्थांनी म्हणा हवं तर. "म्हाताऱ्याले काय कराची मशीन? त्या पैशात ठिबकच्या नळ्या येतीन." तेव्हा झुंबरबाईंनी दोन म्हशींच्या दुधाचे पैसे आपल्या खात्यात गुपचूप, फक्त गोपालला सांगून, जमवायला घेतले. बुलढाण्याच्या दुकानातली मशीन अठरा हजारांची. दीड वर्षात पंधरा जमले. आता गरोदर बाईला नववा महिना लागावा तसं ते काम अगदी टप्प्यात आलं होतं, तेवढ्यात त्या गोठ्यात घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला.

दोन महिने खाटेवर! जी बाई आयुष्यात जेवायला सुद्धा धड बसली नाही, ती आता दिवसभर बसायची. सून पूनम शाळेत शिकवायला जाई, मुलगा बुलढाण्याला ऑफिसात, आणि उत्तमराव शेतात. सासू उठून चालायला लागेल ह्या भीतीनं पूनमनं आपला जुना फोन त्यांच्या हाती दिला आणि त्यात एक खेळ लावून दिला. 'गडकोट' नावाचा. आपली एक गढी बांधायची, शेतं लावायची, शिपाई पोसायचे, आणि पन्नास जणांची टोळी करून दुसऱ्या टोळ्यांशी लढायचं. "फुकट आहे, आई," पूनम म्हणाली. "पैसे मागेल, पण द्यायचे नाहीत."

"मी देते काय!" झुंबरबाई म्हणाल्या.

आणि खरंच सांगतो, त्या खेळवाल्या कंपनीनं झुंबरबाईंपुढे आपटून आपटून डोकं फोडून घेतलं असतं. खेळ फुकट असतो, पण त्यात थांबावं फार लागतं. कोठार वाढवायचं, बारा तास थांबा. तट बांधायचा, तीन दिवस थांबा. ज्याला थांबवत नाही त्यानं पैसे टाकून मोहरा घ्यायच्या आणि काम झटक्यात उरकायचं. कंपनीची सगळी कमाई ह्याच उतावळेपणावर. आता थांबण्याची भीती कोणाला घालता? जिनं तुरीची सात-सात महिने वाट पाहिली, तिला तीन दिवस म्हणजे काय! "होते न बाप्पा, काय घाई हाय," म्हणत त्या फोन उशीखाली ठेवून खुशाल झोपत. खेळ मग पडदाभर लाल अक्षरांत लिही, दोनच तास उरले, पाचशेचा माल नव्वद रुपयांत. झुंबरबाई हसत. बुलढाण्याच्या आठवडी बाजारात संध्याकाळी पाच वाजता 'शेवटचा शेवटचा' म्हणून ओरडणारा कांदेवाला त्यांनी चाळीस वर्षं पाहिलेला. साडेपाचला तोच कांदा अजून खाली येतो.

सहा आठवड्यांत झुंबरबाईंची गढी टोळीत अकराव्या नंबरावर आली, एक रुपया न लावता. टोळीचं नाव 'सातपुड्याचे वाघ'. वाघ सगळे मराठी बोलणारे, कोणी अकोल्याचे, कोणी नाशिकचे. तिथं लिहून गप्पा चालत, आणि लिहायला ओरडावं लागत नाही. कोणाचं लेकरू तापलं, कोणाची नोकरी लागली, झुंबरबाई सगळ्यांची विचारपूस करीत. दिवसभर घरात मुक्या आणि फोनात भडाभडा.

कंपनीचे सगळे फासे वाया गेले. मग घात झाला तो कंपनीनं फासा मांडलाच नव्हता अशा ठिकाणी.

झालं असं, की टोळीतल्या कोणी पैसे देऊन काही घेतलं की बाकीच्या एकोणपन्नास जणांना आपोआप एकेक लाकडी पेटी मिळते. पेटीत किरकोळ धान्य, चार मोहरा. एके सकाळी झुंबरबाईंच्या फोनवर आलं, 'मार्तंड यांनी तुम्हाला भेट पाठवली आहे.' दुसऱ्या सकाळी पुन्हा मार्तंडची पेटी. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

"पूनम, हा कोन वं मार्तंड? मले काऊन रोज धाडून राह्यला?"

"तुम्हाला एकट्यांना नाही आई, सगळ्यांना जाते. दाबायचं आणि घ्यायचं. कोणी परत नाही करत."

कोणी परत नाही करत! हे वाक्य पूनमनं बोलायला नको होतं. झुंबरबाईंनी पेट्या उघडणंच बंद केलं. अकरा पेट्या तशाच दारात उभ्या, त्यावर लाल ठिपका, ठिपक्यात अकराचा आकडा. जेवताना तो आकडा दिसे. शेवटी राहवलं नाही, उघडल्या, आणि लगेच आपल्या कोठारातलं पन्नास हजार पोती धान्य गाड्या भरून मार्तंडच्या गढीला रवाना केलं. मार्तंडची गढी त्यांच्या दुप्पट मोठी. त्याला ह्या धान्याचं काय कौतुक? पण त्यानं लिहिलं, "ताई, आभारी हाव. मी सोनाळ्याचा. तुमी कठच्या?"

सोनाळा! म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं, संग्रामपूर तालुक्यातलं माणूस. परका असता तर झुंबरबाईंनी एक वेळ सोडून दिलं असतं. आता तर गावात तोंड दाखवायचा प्रश्न आला. आणि धान्य पोचल्यावरही पेटी थांबली नाहीच. दुसऱ्या सकाळी हजर.

मग झुंबरबाईंनी ती चूक केली. बचत गटासाठी पूनमनं त्यांच्या फोनवर पैसे पाठवायची सोय करून दिली होतीच. दुधाच्या खात्यातून एकोणनव्वद रुपये गेले आणि एकोणपन्नास वाघांच्या दारात झुंबरबाईंची पेटी जाऊन उभी राहिली. काय तो आनंद! सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं धाडली. झुंबरबाईंना वाटलं, चला, भांडं भरून गेलं, मोकळे झालो.

दुसऱ्या दिवशी मार्तंडकडून दोन पेट्या आल्या. एक नेहमीची लाकडी आणि एक तांब्याची.

तांब्याची म्हणजे जास्त पैशाची. आता आलेल्या भांड्यात सव्वापट घालून द्यायचं ही झुंबरबाईंच्या माहेरची रीत. त्यांनी तांब्याची धाडली, वर एक लाकडी. मार्तंडची चांदीची आली. त्यांनी चांदीची धाडली. मग सोन्याची! इकडून सोन्याची, तिकडून सोन्याची. दोघंही वऱ्हाडी, दोघंही नाकाचे पक्के, कोणी मागं हटेना. आणि मधले अठ्ठेचाळीस वाघ पंगतीला बसून नुसते ओरपत होते. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथं तर प्रेमातच अठ्ठेचाळीस जणांचा लाभ चालला होता. पुण्याकडचा कोणी विहंग होता, त्यानं लिहिलं, "ताई, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." राहतील कशी? आणि त्या कंपनीत कोणी बुलढाणा जिल्ह्याचा हिशेब पाहत असेल तर त्यानं नकाशा काढून पाहिला असेल, की हे सोन्याच्या पेट्यांचं गाव आहे तरी कुठं.

प्लास्टर निघालं, पाय चालता झाला, पण पेट्या चालूच. आणि एका संध्याकाळी गोपाल बुलढाण्याहून आला तो हसत. "आई, बाबांची मशीन आलीय दुकानात. सोमवारी त्यांना घेऊन बोलावलंय, कानाच्या मापाची करून देतो म्हणाला. तुझे पंधरा आणि माझे तीन, झालं न?"

झुंबरबाईंच्या खात्यात सहा हजार उरले होते.

रात्रभर, नाही, रात्र कसली, त्या क्षणापासूनच त्यांच्या डोक्यात भुंगा लागला. खेळ सोडून द्यावा? पण मार्तंडची शेवटची सोन्याची पेटी अजून परत फिरवायची होती. ती तशीच ठेवून तोंड लपवायचं? नाक कापून घ्यायचं? आणि फिरवावी, तर आणखी नऊशे रुपये जाणार, आणि तिकडून पुन्हा येणारच. टोळीत लिहावं, तर पन्नास जण वाचणार. एकट्याला खाजगीत लिहिता येतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा एकच वाट उरली. सोनाळ्याला जायचं आणि समोरासमोर हात जोडायचे, की बाप्पा, तू जिंकला, आता थांब.

"सोनाळ्याले जाऊन येते," त्यांनी उत्तमरावांच्या कानाशी ओरडून सांगितलं. "ओळखीचं घर हाय!"

"पाय दुखते न तुह्या. मी येतो संगं."

नाही म्हणायला कारण ओरडावं लागलं असतं. आले ते. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. बुलढाण्याला गाडी, पुढे दोनदा बदलून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. उत्तमराव खिडकीशी बसून लोकांच्या कपाशीवर खूष होत राहिले आणि झुंबरबाई शेजारी ओठ हलवत भाषण पाठ करीत राहिल्या. ज्याच्यासाठी पैसे जमवले तो माणूस मांडीला मांडी लावून बसलेला, आणि त्याला ह्यातलं काही ठाऊक नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोनाळ्यात मार्तंडचं घर पहिल्याच माणसानं दाखवलं. संत्र्याची बाग, पत्र्याचा मोठा शेड. दार उघडलं ते त्याच्या बायकोनं, मंजुश्रीनं.

"म्या देऊळघाटची झुंबरबाई."

मंजुश्रीनं कमरेवर हात ठेवले. त्यांना खालून वर पाहिलं आणि मागे वळून ओरडली, "अवो, बाहेर या! ज्यांच्यापायी आपला फवारनीचा पंप बुडाला त्या बाई आल्या!"

आतून मार्तंड आला. पन्नाशीचा, मिशी भारदस्त आणि चेहरा मार खाल्लेल्या पोरासारखा. दोघं एकमेकांकडे बघत उभे. झुंबरबाईंचं पाठ केलेलं भाषण कुठच्या कुठं गेलं.

"भाऊ, तुमच्या पेट्या," त्या म्हणाल्या, "मले नाही पुरत आता. तुमी मोठे. तुमी थांबा जी."

"मी थांबू?" मार्तंडला रडू यायचंच बाकी होतं. "ताई, मी तं तुमची वाट पाहून राह्यलो, का तुमी कधी थांबता! बाईमानूस रोज पेटी धाडते आन् मी गडी होऊन हात आखडता घेऊ का?"

"सुरू तं तुमीच केलं! रोज सकाळी लाकडी पेटी कोन धाडे?"

मार्तंड गोंधळला. "रोज? मी तं एकदाच घेतलं होतं. एकोननव्वद रुपयाचं महिन्याचं कार्ड. एक डाव पैसे भरले का महिनाभर त्याची पेटी आपोआप जाते सगळ्याइले. मले तं मालूमच नाही ती जाते म्हनून. मंग तुमी धान्य धाडलं, मंग पेटी धाडली, तवा मले लाज वाटली न."

झुंबरबाई मटकन ओट्यावर बसल्या. एक डाव! माणसानं एकदाच भरलेली वाटी, कंपनीनं तीस दिवस तीच त्यांच्या दारात फिरवली, आणि ह्या रोज नवी समजून लाजेनं मरत राहिल्या. आणि तिकडे तो बिचारा ह्यांच्या लाजेला लाजत राहिला. नऊ हजार रुपये! अव माय!

हसावं की रडावं हे कोणालाच कळेना. पहिली हसली मंजुश्री. पदर तोंडाला लावून, खांबाला टेकून हसली. मग मार्तंड. मग स्वतः झुंबरबाई, डोळ्यांतून पाणी येईतो.

"आन् आता सोनं कोन फिरवाचं बाकी हाय?" मंजुश्रीनं विचारलं.

"म्या."

"काही नाही फिरवाचं. तुमी दोघं भाऊ-बहीन होऊन जा. भाऊ बहिनीच्या घरचं घेत नाही, आन् माहेरून आलेलं बहीन परत करत नाही. दोन्हीकून दार बंद."

बघा, जे कंपनीच्या आणि ह्या दोन शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही ते एका बाईनं चुलीकडे जाता जाता मिटवलं. तिनं लगेच नारळ आणि खण आणून झुंबरबाईंची ओटी भरली. मार्तंड वाकून पाया पडला. पोरका असलेला माणूस तो, बहीण नव्हतीच त्याला. त्यानं बाहीनं डोळे पुसले, आणि झुंबरबाईंनी पदरानं.

प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले उत्तमराव हे सगळं बघत होते. सगळे हसले तेव्हा तेही थोडे हसले. सगळे रडवेले झाले तेव्हा ते घाबरले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

झुंबरबाईंचा हात सवयीनं हलला.

"अवो, दाजीले सांगा न," मार्तंड म्हणाला. "पाहा कसे पाहून राह्यले."

आता सुटका नव्हती. झुंबरबाई खुर्चीजवळ गेल्या आणि त्यांनी खच्चून आवाज काढला, "तुमच्या कानाच्या मशीनचे पैसे! म्या खेळात घातले!"

शेजारच्या शेडमधली संत्री निवडणारी माणसं काम थांबवून उभी राहिली.

"कोनत्या खेळात?"

मग सांगावंच लागलं. गढी, टोळी, लाकडी पेटी, तांब्याची पेटी, सगळं, ओरडून. कुंपणावर डोकी गोळा झाली. मारुतीच्या पारावर जे जन्मात ऐकवलं नाही ते झुंबरबाईंनी अख्ख्या सोनाळ्याला ऐकवलं. उत्तमराव खुर्चीच्या कडेला आले होते. "मंग?" ते विचारत. "मंग तुनं काय धाडलं?" पन्नास हजार पोती ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "एवढी? आपल्याले कधी पन्नास नाही होत!" कार्डाचं गुपित कळलं तेव्हा तर ते मांडीवर थाप मारून असे हसले की टोपी खाली पडली.

झुंबरबाईंचा घसा बसला. शेवटी त्या रडतच म्हणाल्या, आणि ते त्यांना मोठ्यानं म्हणायला जमलं नाही, पण उत्तमरावांनी ओठांवरून ओळखलं, की सोमवारी दुकानात काय तोंडानं जायचं, मी तुमचे कान घालवले जी.

उत्तमरावांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली.

"मशीन आली असती तं मी काय आइकलं असतं?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "घरात तू बोलतच नव्हती. मले वाटे, आपल्या बायकोले आपल्याशी बोलायसारखं काही राह्यलंच नाही."

टोळीतल्या एकोणपन्नास जणांना झुंबरबाई रोज विचारत होत्या, बरं हाय का बाप्पा. ह्या एका माणसाला त्यांनी दोन वर्षांत विचारलं नव्हतं.

मंजुश्री चहा घेऊन आली. मार्तंडनं घाईघाईनं पुढे होऊन सांगितलं, की ताई, मशीनचं मी पाहतो, भाऊ हाव मी आता, आणि झुंबरबाई एकदम सावध होऊन म्हणाल्या, "खबरदार! आतापासून सुरू नका करू." तेवढ्यात उत्तमरावांनी आपली खुर्ची ओढून उजवा कान, जरा बरा असलेला, बायकोकडे केला.

"आन् तो पुन्याचा पोट्टा?" त्यांनी विचारलं. "तो काय लिहे तुले? सांग ना, गाडीले टाइम हाय आजून."

झुंबरबाईंनी चहाचा घोट घेऊन घसा साफ केला, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि ओरडून सांगायला लागल्या.